माझ्या पायाकडे बघा

३ मार्च, सोमवार
स्टुडिओ मिळाला! रविवार, सोळा तारीख, दहा ते सहा. आठ तास, तीन गाणी. शेवटचं माझं, अकरा वर्षांपूर्वी बायकोसाठी लिहिलेलं. ते माझ्या आवाजात कायमचं राहिलं पाहिजे. बाकी दोन गेली खड्ड्यात. (हे बँडला सांगायचं नाही.)
संकल्प: रोज सराव. शिस्त. स्टुडिओत एक मिनिट वाया जाणार नाही.

४ मार्च
सराव बायकोच्या भावाच्या गॅरेजमध्ये. मेहुणा बेस गिटार वाजवतो, कारण गॅरेज त्याचं आहे. पूर्वतयारीचं महत्त्व या विषयावर दहा मिनिटं बोललो. मेहुण्याच्या घड्याळात पन्नास भरली. वाजवायला वेळ उरला नाही, पण मनं तयार झाली.

६ मार्च
ड्रमर म्हणाला, मेट्रोनोमचं टिकटिक यंत्र लावून सराव करू या, स्टुडिओत कानात त्याच्या क्लिकवरच वाजवायला लागतं. दिवसभर लोकांचे दात उपटतो आणि मला ताल शिकवतो! यंत्राने गाण्याचा जीव जातो, असं ठणकावून सांगितलं. सात वर्षं आमची पद्धत एकच. सगळ्यांनी माझ्या उजव्या पायाकडे बघायचं. पाय आपटला की ठोका.
कीबोर्डवाल्या बाई शाळेत गणित शिकवतात. म्हणाल्या, तुमचा पाय दर कडव्याला जास्तच पळत सुटतो. त्याला भावना म्हणतात. गणितवाल्यांना नाही कळायचं.

९ मार्च
सराव नाही. वेळापत्रक केलं, चार रंगांत. चहाची सुट्टी हिरवी. जेवणाचा रंग दोनदा बदलला.

१२ मार्च
घसा जपायचा म्हणून गायलो नाही. माझं गाणं मेहुण्याने माझ्याऐवजी म्हटलं. बरं म्हणतो बिचारा. साधं, सरळ. अंगात कला नसली की माणूस असंच गातो.

१५ मार्च
सराव रद्द, ताजेपणा राखायला. ड्रमरचा फोन. म्हणे, एकही गाणं अजून सलग वाजवलेलं नाही. त्याला म्हटलं, ऐन वेळी पाय ओढू नकोस.

१६ मार्च, सकाळी ९.४०
पोचलो. स्टुडिओला कुलूप. बाकी कोणी आलेलं नाही. कोण गंभीर आहे ते दिसतंच.

दुपारी १.३०
घोटाळा. रेकॉर्डिस्टने एकेकाला वेगळ्या खोलीत कोंडलं. माझा पाय कोणालाच दिसत नाही! म्हटलं, आता बसतील बोंबलत. तर तिघं कानात क्लिक लावून खुशाल वाजवतायत. बाई गातात ती दोन गाणी झालीसुद्धा. नियोजनाचा परिणाम.

दुपारी ३.१०
माझं गाणं. पहिल्याच कडव्याला रेकॉर्डिस्टने थांबवलं. विचारतो, हे धपधप काय वाजतंय? माझा पाय. बूट काढायला लावले. मग पायाखाली उशी. मग चक्क खुर्चीवर मांडी घालून बसवलं. पाय थांबला की आवाजच फुटेना. पाय सोडला की क्लिक मागे पडतो. तुमचं यंत्र हळू आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, साहेब, जरा बाहेर जाऊन चहा पिऊन या.

संध्याकाळी ५.५०
चहा पिऊन आलो तर मेहुणा गात होता. एका दमात झालं. विचारलं, हे नुसतं नमुन्यादाखल ना? बाई वायरी गुंडाळायला लागल्या. ड्रमरने माझ्या पाठीवर हात ठेवला. खूप वाईट वाटलं. पण शब्द तर माझे आहेत. तिच्यासाठीच आहेत. तिला कळेल.

१७ मार्च, सकाळी
बायकोला ऐकवलं. हात पुसत आली, उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकलं. डोळे भरून आले तिचे. माझी छाती फुगली. म्हणाली, दादाचा आवाज ना हा? काय सुंदर गाणं आहे! पहिल्यांदाच ऐकलं, कोणी लिहिलंय?
अकरा वर्षं, लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला, हेच गाणं मी तिला समोर बसवून म्हणून दाखवतोय.