मुके फोन आणि रविवारची भाकर

प्रिय आत्या,

तुला तुझ्या भाचीचा सलाम. गुडघा आता वाकत असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यातून येणारं पाणी थांबलं असेल, अशी आशा धरते. (म्हणजे विचारते आहे. नुसती आशा धरून मला काही कळत नाही.) आम्ही इकडे बरे आहोत. 'बरे' हा शब्द सैल आहे, पण पत्राच्या सुरुवातीला तोच बसतो.

तुला येणाऱ्या मुक्या फोनांबद्दल तू लिहिलंस. फोन वाजतो, उचलला की पलीकडे नुसता श्वास. एकदा तू चिडून शाळेतली कवायतीची शिट्टी फोनमध्ये जीव खाऊन फुंकलीस, आणि आता ती फोनशेजारीच टांगून ठेवली आहेस. 'तू तारा-यंत्रांतली शिकलेली, कोण मेला आहे ते शोधून काढ,' असा तुझा हुकूम. शोधून काढलं आहे. पण आधी चर्चमधली भानगड सांगते, कारण तिच्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही.

बाबांचा डावा कान गेला. आत सतत काहीतरी वाजत असतं म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, कानाजवळ मोठा आवाज झाला होता का? बाबा म्हणाले, "चर्चचा स्पीकर." आता तो स्पीकर मी बसवलेला. कमिटीची सभा भरली. ऑर्गन वाजवणारे काका म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो." (त्यांनी पहिल्यापासून काहीही सांगितलेलं नाही.) मी मीटर घेऊन बाकाबाकावर आवाज मोजला. बाबांच्या जागी तो इतका मवाळ होता की शेजाऱ्याची जांभई त्याहून मोठी. आकडे कमिटीपुढे ठेवले. कमिटीने आकड्यांबद्दल देवाचे आभार मानले आणि स्पीकर उतरवला. आता पाळकसाहेबांचा उपदेश तिसऱ्या बाकापर्यंत पोचतो, त्यामागची मंडळी शांतीत असते. गीताची पट्टी अजून बाबाच धरतात, पण एका कानाने, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला आम्ही सगळे माना टाकतो आणि फक्त शिंपीणबाई तग धरतात.

एवढंच असतं तर मी तुला कळवलंही नसतं. वाईट गोष्ट भाकरीची आहे.

तुला ठाऊक आहे, प्रभुभोजनाची भाकर माझ्या जन्माआधीपासून बाबा कापतात. कडा काढून, सारखे तुकडे, वर इस्त्रीचं पांढरं फडकं. नव्या पाळकसाहेबांनी शिष्यत्वाचा वर्ग सुरू केला. त्यात एका धड्याला त्यांनी सांगितलं की भावाबहिणीशी वाकडं असेल तर आधी समेट करा, मग मेजाजवळ या. बाकी वर्गाने वहीत उतरून घेतलं आणि पुढच्या रविवारी येऊन जेवले. बाबांनी मात्र ते ऐकलं. तेव्हापासून ते भाकर कापतात, ताट बाकाबाकाने फिरवतात, सगळ्यांना देतात आणि स्वतः न घेता ताट परत ठेवतात. मंडळीत चर्चा आहे. कोणी म्हणतं बाबा पितात, कोणी म्हणतं साखर वाढली असेल. पाळकसाहेब ताट घेऊन त्यांच्यापुढे उभे राहतात तेव्हा बाबा जमिनीकडे बघतात. मी तेव्हा तारा गुंडाळत असते. स्पीकर नाही, तरी गुंडाळते.

वाकडं कोणाशी, हे तुला सांगायला नको. आईच्या मातीच्या दिवशी तू सगळ्यांपुढे प्रार्थना केलीस: "हे बापा, या बाईने घर एकटीने ओढलं आणि ज्याने हात द्यायचा तो चर्चची बाकं पुसत बसला, हे तू पाहिलंस." मंडळी आमेन म्हणाली. बाबाही म्हणाले, सवयीने. मला वाटतं तुझ्या बोलण्यापेक्षा स्वतःचं आमेन त्यांना जास्त लागलं आहे.

आमच्या घरात बोलणं देवामार्फतच होतं, हे तू जाणतेस. आई गेल्यापासून तर दुसरा रस्ताच नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबा म्हणतात, "प्रभू, भाजी अळणी असली तरी आम्ही कृतज्ञ आहोत." दुसऱ्या दिवशी मी म्हणते, "प्रभू, ज्यांना मीठ हवं त्यांना बरणी दाखव." तिसऱ्या दिवशी बरणी मेजावर असते. शेवटी ते तुझ्यावर येतात. "ताईला नम्रता दे" इथून सुरुवात होते, मग तुझा एकेक मुद्दा खोडतात, आणि तुझ्या गुडघ्यासाठी मागून थांबतात. आईची खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्याकडे तोंड करून कोणी बसत नाही.

या रविवारी ते भाकरीचा चाकू पाळकसाहेबांच्या हवाली करणार आहेत. "जो जेवत नाही त्याने वाढू नये," असं त्यांनी देवाला सांगितलं. मला नाही.

प्रकृतीला जप.

तुझी,
भाची

ता. क. मुका फोन बाबांचा. मी एकदा कामावरून लवकर आले, तर ते आतल्या खोलीत फोन कानाला लावून बसले होते. तुझं "कोण आहे? बोल की मेल्या!" मला दारातून ऐकू आलं. त्या 'मेल्या'वर ते हसले. आई गेल्यानंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी फोन ठेवला. स्पीकरला दोष देणारा हा माणूस त्याआधी जन्मात खोटं बोललेला नाही, त्यामुळे पहिलंच खोटं त्याला धड जमलं नाही; मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

ता. क. दुसरा. रविवारच्या आत फोन वाजेल. "का रे" विचारू नकोस, ते ठेवून देतील. "चल, प्रार्थना करू" एवढंच म्हण. मग त्यांना डोळे मिटावे लागतील, आणि डोळे मिटले की ते बोलतात. तुला बरंच ऐकावं लागेल. मध्ये तोडू नकोस. संपलं की आमेन म्हण. एवढ्याला समेट म्हणता येईल का, हे मी पाळकसाहेबांना विचारून ठेवलं आहे. चालेल म्हणाले.

ता. क. शेवटचा. शिट्टी खुंटीवरून काढून ठेव. ते आता फोन उजव्या कानाला लावतात, आणि तो एकच उरला आहे.