एका घराला एक हात

मरीन परेड, सिंगापूर
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

॥ श्री ॥

सौ. अरुणाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि पद्माकरराव कुशल असाल. आम्ही सगळे ठीक आहोत. पत्राच्या डोक्यावर श्री लिहायची मला शाळेपासूनची सवय, हात आपसूक तिथे जातो. आज लिहून झाल्यावर थबकले, पण खोडला नाही. पहिल्याच ओळीत खाडाखोड दिसली असती तर हिचं काहीतरी चुकलंय हे तुम्हाला लगेच कळलं असतं. तसं ते पुढे कळणारच आहे.

उद्या नारळी पौर्णिमा. खोवलेलं खोबरं इथे पिशवीत तयार मिळतं, पण ते महाग आणि बेचव, म्हणून मी नारळच आणते. सारंगचं ऑफिस चांगीलाच आहे. तुमच्या अनघाला मात्र एप्रिलपासून जुरोंग ईस्टला जावं लागतं, म्हणजे बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला. MRTमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला मिळालं तर वाचते म्हणाली. तब्येत चांगली आहे तिची. काळजी नसावी. इरा माझ्या खांद्याला लागली. पुढचे दोन दात आले, ते आधीच्यांपेक्षा मोठे आहेत म्हणून आरशात बघून रुसते.

फोनवर आपलं बोलणं तुम्ही कशा, आम्ही ठीक, इरा उंच झाली, इथवरच जातं. अनघा-सारंगच्या लग्नाला दहा वर्षं झाली तरी त्याच्या पुढे आपण कधी गेलो नाही. भांडण नव्हतं काही, नुसतं जपून वागणं होतं, दोन्हीकडून. एरवी भारतात काही पाठवायचं तर मी सुट्टीला जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत जागा मागते, त्यात मला लाज नाही. हे पत्र मात्र रजिस्टर टपालानं पाठवतेय. ओळखीच्या हातात द्यावंसं वाटलं नाही. अनघालाही ठाऊक नाही.

इराची रविवारची मराठी शाळा तुम्हाला माहीतच आहे. आमच्या जवळच हॉल भाड्यानं घेऊन भरते. आजवर बाराखडी, गाणी, गोष्टी एवढंच होतं. यंदा समितीनं ठरवलं की मुलांना समाजओळख म्हणून एक तास द्यायचा, आपण कोण, कुठून आलो, इथे कसे राहतो. समितीचे प्रबोध म्हणून आहेत, बँकेत मोठ्या जागेवर. ते म्हणाले, "आम्ही चौघं बसून ठरवणारे कोण? मुलं तुमची, घरं तुमची. या आणि बोला." आणि पुस्तकाचा कच्चा मसुदा सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिला.

मग काय विचारता! ज्यांनी वर्षभरात शाळेची पायरी चढली नव्हती तेही बोलायला लागले. एकाला किल्ले कमी वाटले. दुसऱ्याला किल्ले फार, इथले हॉकर सेंटर, खाण्याच्या ठेल्यांचे बाजार, कुठायत म्हणून राग. एक आजोबा म्हणाले, "सनावळ्या पाठ केल्याशिवाय इतिहास होत नाही." त्यांची सूनच म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझा वाढदिवस तरी आठवतो का?" हसून हसून पुरेवाट झाली.

अडलं ते तिसऱ्या धड्यावर. 'माझे कुळ' असा तो धडा. खाली तक्ता: आडनाव, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत. वडिलांकडचं एका बाजूला, आईकडचं दुसऱ्या. राधिका म्हणून एक आई आहे, ती उठून म्हणाली, "आठ वर्षांच्या पोराला गोत्र कशाला? कोण कोणाचा हे वर्गात ताडायला?" प्रबोध म्हणाले, "अहो, मुळं नकोत का कळायला?" शेवटचा निर्णय सप्टेंबरात, पण तोवर अंदाज घ्यायचा म्हणून हात वर करायला सांगितले. एका घराला एक हात, असा नियम. सारंग आला नव्हता. अनघा माझ्या शेजारी बसली होती, मान खाली घालून फोन बघत.

माझा हात तक्ता ठेवण्याच्या बाजूनं वर गेला. शिवाय उभी राहून बोललेही. इतक्या लांब राहून पोरांनी कुलदैवताचं नावही विसरायचं, तर ही शाळा तरी कशाला, असं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी दहावी शिकलेली बाई, माझ्या बोलण्याला एवढ्या शिकलेल्यांनी टाळ्या वाजवायची वेळ कधी आली नव्हती.

दुपारी पोळ्या लाटताना अनघा एवढंच म्हणाली, "आई, घरात कणीक संपत आलीय."

इरा गेले तीन रविवार शाळेत गेलेली नाही. ताप नाही, सर्दी नाही. आता लिहायचं ते लिहिते.

विनीताबाईंनी, म्हणजे इराच्या शिक्षिकेनं, तो तक्ता नमुना म्हणून मुलांना घरी भरायला दिला होता. इरा माझ्याजवळ घेऊन बसली. आमच्याकडचं भराभर झालं. तुमच्याकडच्या चौकटी रिकाम्या राहिल्या. गाव कामठी, हे तिला ठाऊक होतं. पुढे काय? मी देवपूजा करत होते, हाताला गंध होतं. रिकामी चौकट बघून मला कसंसंच झालं. पोरीची एक बाजू अशी उघडी का राहावी? तुम्ही बौद्ध आहात हे मला माहीत नाही असं नाही. लग्न तसंच लागलं, वंदना मी उभी राहून ऐकली आहे. पण माझ्या डोक्यात असं की त्याच्या आधी काहीतरी असेलच ना. माणसानं देव सोडला तरी देवी थोडीच माणसाला सोडते. तिकडचे पुष्कळ लोक माहूरला जातात. मी इराला म्हटलं, "लिही, रेणुकामाता, माहूर." तिनं छान अक्षरात लिहिलं.

अरुणाताई, मी ते प्रेमानं केलं. मला वाटलं मी नातीला काहीतरी देतेय.

त्या सभेनंतरच्या रविवारी पालकांसमोर मुलांनी आपापले तक्ते वाचले. इरानं मोठ्यानं वाचलं. अनघा शेवटच्या रांगेत होती. लिफ्टमध्ये इरा इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावत म्हणाली, "मम्मा, व्हाय यू सो क्वायट, ला?" घरात आल्यावर अनघानं मला खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली, आणि म्हणाली, "आई, माझ्या आजोबांनी दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव स्वतःच्या हातानं कन्हान नदीत नेऊन सोडले. त्यांनी जे हातानं सोडलं ते तुम्ही तिच्या हातानं परत लिहिलंत. एवढंच. मला भांडायचं नाही. पण इरा आता त्या वर्गात बसणार नाही."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मलाही काही बोलता आलं असतं.

तुम्हाला खरं सांगते, देव नदीत सोडले हे ऐकून मी आधी माझे देव जागेवर आहेत ना ते बघितलं. माझी सकाळ त्यांना आंघोळ घालून सुरू होते. त्या माणसाला, तुमच्या वडिलांना, काय झालं असेल की ते उचलून नदीवर गेले, हे मला कळत नाही. आणि जे मला कळत नाही ते मी चौकटीत भरून टाकलं.

समितीनं आजी-आजोबांचंही मत मागवलंय, लांब असतील तर लेखी चालेल. तुम्ही इतकी वर्षं नागपुरात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलंत. तुमच्याइतका हक्क कोणाला आहे? तुमचं मत समितीला पाठवा. आणि जमलं तर इराला वेगळं लिहा, तो कन्हानचा प्रसंग जसा घडला तसा. मी ते वाचेन म्हणून मऊ करू नका.

इरा वर्गात परत यावी एवढंच मला हवंय. माफी मागायची तर अनघाची मागायला हवी, ते मी करीनच. पण तिला काय सांगायचं ते मला आधी ठाऊक तरी असायला हवं.

पद्माकररावांना नमस्कार.

तुमची विहीण,
सुलेखा


मरीन परेड, सिंगापूर
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

॥ श्री ॥

अरुणाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं एकाच पाकिटात मिळाली. समितीचं मी न उघडता प्रबोधना दिलं. मला लिहिलेलं वाचलं. तुम्ही रागावलात ते तुम्ही लपवलं नाही, हे बरं केलंत. "प्रेमानं केलेलं असलं तरी ते आमच्यावर केलेलं आहे" ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

पाकीट आल्यावर अनघाला सगळं सांगितलं. माफी मागितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही माझ्या आईला पत्र लिहिलंत? तुम्ही? टपालानं?" आणि हसायलाच लागली. मग डोळे पुसले. कांदा नव्हता, पालक होता.

इराचं पत्र आम्ही तिघींनी बसून वाचलं. वाचायचं काम इरानं माझ्यावर टाकलं, तुमचं जोडाक्षर तिला जड जातं. पत्राच्या डोक्यावर तुम्ही लिहिलेले दोन शब्द मी आधी वाचले, मोठ्यानं. या घरात माझ्या तोंडून ते कधी निघाले नव्हते. अनघानं वर बघितलं. मी पुढे वाचत राहिले.

तुमच्या वडिलांनी देव नव्या कापडाच्या धडप्यात बांधले होते, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईनं, तुमच्या आजीनं, त्या देवांना आयुष्यभर हात जोडले आणि गावच्या देवळाच्या पायरीला मात्र तिला कधी हात लावू दिला नाही, हेही. नदीवर ती बरोबर होती, आणि पोटरीएवढ्या पाण्यात उभं राहून पोराला म्हणाली, "फेकू नको. ठेव." एवढं वाचून मी कागद अनघाकडे दिला. पुढचं अनघानं वाचलं.

काल निर्णयाची सभा झाली. त्याआधी मुलांना बोलू दिलं. अनघा इराला घेऊन आली, फक्त आजच्यापुरती असं बजावून. इरा पुढे गेली. तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, "माझे पणजोबा देव पाण्यात ठेवले. फेकले नाही, ला. ठेवले. कारण टेम्पलवाल्यांनी त्यांच्या आईला आत येऊ दिलं नाही, सो दे डिसायडेड." कोणी हसलं नाही. प्रबोध म्हणाले, "बाळ, छान सांगितलंस, पण हे दुःखाचं झालं ना." इरा म्हणाली, "नो. पणजोबा घरी येऊन दोन वेळा जेवले. आजी लिहिलीय."

तुमचं मत विनीताबाईंनी वाचून दाखवलं. तक्ता ठेवायचाच तर प्रत्येक चौकटीला 'का' असा प्रश्न जोडा, हे म्हणणं पुष्कळांना पटलं, पुष्कळांना नाही. मग हात. प्रबोधनी आमच्याकडे बघितलं, गेल्या वेळी मी बोलले होते म्हणून. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले आणि म्हटलं, "आमच्या घराचा हात अनघाचा." तिनं तक्ता काढण्याच्या बाजूनं वर केला.

हरलो, ताई. फार नाही, पण हरलो. तक्ता यंदा राहतोय. भरायची सक्ती नाही एवढं राधिकानं भांडून पदरात पाडून घेतलं, आणि पुढच्या वर्षी परत विचारणार आहेत. मला वाटलं आता अनघा इराचा हात धरून उठेल. ती उठली, पण विनीताबाईंकडे जाऊन विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

इरानं जुना तक्ता परत मागून घेतला. रेणुकामाता रबरानं पुसली, कागद जरा फाटला. मी जवळ होते, तिनं मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. तिथे तिनं लिहिलं, "मुद्दाम रिकामं." मग मला विचारलं, "आजी, मुद्दाममध्ये द ला द जोडायचा ना?" तेवढं मी सांगितलं.

सध्या पितृपंधरवडा चालू आहे. आमच्याकडचं पान सर्वपित्रीला वाढायचं. तुमच्याकडे असं काही करत नाहीत हे मी अनघाला विचारून घेतलं. आता मी आधी विचारते. तुमच्या आजीचं नाव मात्र मला हवं होतं. पानासाठी नाही, काही करायचं नाही मला त्याचं. नुसतं ठाऊक असावं म्हणून. द्याल तर द्या.

डिसेंबरात शाळेला सुट्टी असते. तुम्ही दोघं या. माझी खोली तुम्हाला देईन. देवघर त्याच खोलीत आहे, त्याला दार आहे, पण ते लावायचं की नाही ते तुम्ही आल्यावर तुम्हीच सांगा.

जय भीम.

इराची इकडची आजी,
सुलेखा