पापुद्रा सुटलेल्या चाळीस पाट्या

श्रीरामपूर,
१० फेब्रुवारी १९७४

ती. नृसिंहदादांस,

शामकांतचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगे जमिनीला टेकतात, उरलेली मनाने टेकली असे समजावे.) सात महिने पत्र लिहिले नाही, याची क्षमा करा. कारणे तीन लिहून पाहिली, तिन्ही खोटी निघाली, म्हणून खोडली. वहिनींचा दमा कसा आहे?

तुमच्या शब्दाखातर मालकांनी मला कारखान्यात तपासनीस नेमले, तेव्हा तुम्ही विचारले होते की पदार्थविज्ञानाचा पदवीधर तिथे नेमके काय तपासणार. भोके. काचेच्या धाग्यांचे कापड राळेत भिजवून, थरावर थर दाबून केलेल्या पाट्या असतात. पंपाच्या स्टार्टरमध्ये बसतात. त्यांना भोके पाडायची. लोखंडाला भोक पाडणे हा सरळ मामला आहे, ते एकसंध असते. ही पाटी म्हणजे एकत्र कुटुंब. वरून सगळे ठीक, आणि ड्रिल खालून बाहेर पडताना शेवटचे थर सुटून उचलले जातात. मग त्यात ओल शिरते, आणि शेतकऱ्याने ओल्या हाताने बटण दाबले की पुढचे सांगायला नको.

हे मी पुस्तकात वाचले नाही. आमच्या ड्रिलवरच्या गहिनीनाथाने शिकवले. "सायेब, वरून समद्यांचंच भोक देखनं असतं. खालून बघा." पाटीखाली लाकडाची फळी घट्ट दाबून धरायची, हात हलका ठेवायचा, आणि काच ड्रिलची धार खाते म्हणून ते वरचेवर बदलायचे. (हे सारे मी सुवाच्य अक्षरात उतरवून, खाली स्वतःची सही करून भिंतीवर लावले. गहिनीनाथाचे नाव लिहायला जागा होती.)

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीने नमुन्याच्या चाळीस पाट्या मागवल्या. गहिनीनाथाने पुढच्या मागणीच्या हिशेबाने तीनशे पाट्यांना भोके पाडली. त्यातल्या चाळीसेक ड्रिल बोथट झाल्याने बिघडल्या. ते त्याने आपण होऊन सांगितले. निवडायला मालनबाई होत्या. मी त्यांना एकच सूचना दिली: पापुद्रा सुटलेल्या पाट्या बाजूला ठेवा. इतके शुद्ध, इतके नेमके वाक्य मी वर्षभरात उच्चारले नसेन. मालनबाईंनी ते तंतोतंत पाळले. पापुद्रा सुटलेल्या पाट्या निवडून निवडून बाजूला ठेवल्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळली, खोक्यात रचली. मी खोके न उघडता वर 'तपासले' असे लिहिले. खोके पुण्याला गेले. चांगल्या पाट्या कोपऱ्यात ढिगाने पडून राहिल्या.

मंगळवारी पुण्याहून पत्र आले की तुमच्या कारागिराला भोक पाडता येत नाही. मालकांनी त्याच दुपारी गहिनीनाथाला काढले. अकरा वर्षांची नोकरी. पुण्याला कोणत्या पाट्या गेल्या हे त्याला ठाऊक नव्हते, तेव्हा तो काय बोलणार? मी तिथेच उभा होतो. मला वाटले, आधी खोके परत येऊ द्यावे, खात्री करून मग बोलावे. (विज्ञान शिकल्याचा हा एक फायदा: भित्रेपणालाही पद्धत लाभते.)

गुरुवारी खोके आले. उघडले. मालनबाईंना विचारले, या का निवडल्या?

"तुमीच म्हनला न्हवं, पापुद्रा सुटला की बाजूला ठेवा? भाकरीचं बी मी तसंच करते. पापुद्रा सुटलेली पावन्याला, बाकीची घरच्यांस्नी."

जन्मभर हीच भाकरी खाऊनही मला हे सुचले नाही. घरी बायकोला, सरोजिनीला सांगितले, तर ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग तिने विचारले, "मालकांना सांगितलंत ना?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

वडीलकीचा लोभ असावा.

तुमचा,
शामकांत

ता. क. खरे काम हे: मालक तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. तुम्ही त्यांना चार ओळी लिहाव्या, की सूचना शामकांतची होती, सही त्याची होती, गहिनीनाथाला परत घ्यावे. माझ्या तोंडून ते निघत नाही.

ता. क. दुसरा. पत्र पुन्हा वाचले. माझी सदसद्विवेकबुद्धी आपोआप जागी झाली असा समज होईल, तो होऊ नये. काल सुटी झाल्यावर मालनबाईंनी मला फाटकात गाठले. "सायेब, सोमवारी मी मालकाला समदं सांगनार हाय. मला काडलं तर काडू द्या. गैनीनाथाच्या घरात चूल थंड पडायला नगं." मी म्हटले, बाई, थोडे थांबा. त्या म्हणाल्या, "कशापायी?" मी घरी आलो आणि आज हे पत्र लिहायला बसलो. ते तुम्हाला बुधवारी मिळेल. पहिला ता. क. लिहिताना हे मला ठाऊक होते.

उद्या: मालनबाईंच्या आधी मालकांना गाठणे.