आळोबाच्या तोंडाची हकिगत

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या तो कागदावरच घालता येतो, गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? वाचनालयातल्या वरच्या फळीवरची पुस्तकं आता दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगत जा. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे बाबा सोडून. आणि बाबांनाही तसं दुखतखुपत काही नाही, फक्त माणसं विसरायला होतात. मला ते ‘मास्तर’ म्हणतात. जन्मभर व्याकरणाचे मास्तर ते स्वतः होते, त्यामुळे हा मान मोठाच आहे, पण तो मी कमावलेला नाही. तू या घरी आली नाहीस त्याला किती वर्षं झाली ते मी लिहीत नाही. का आली नाहीस तेही लिहीत नाही. पाहुणे आले की तुला आतल्या खोलीत पाठवलं जायचं, हे आपण दोघं काही विसरलेलो नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात एक बाई कॅमेरा, दिवे आणि एक अबोल सहकारी घेऊन माझ्याकडे आल्या. आपल्या ‘आळोबा’ या कार्टूनवर त्या माहितीपट करताहेत. लहानपणी आळोबा पाहिल्याशिवाय त्या जेवत नसत म्हणे. त्यांना आतलं सगळं हवं होतं: पाणघोडाच का, चौथ्या भागात तो जांभळा का झाला (त्यांच्या मते ते दुःख होतं; खरं तर राखाडी रंग संपला होता आणि दुकान बंद होतं, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला), आणि मुख्य म्हणजे, आळोबाचा आवाज कुणाचा. श्रेयनामावलीत ते नाव नाही. मी आधी पाणी मागवलं.

माझ्याआधी त्या आपल्या स्टुडिओच्या साहेबांकडे जाऊन आल्या होत्या. साहेबांनी सांगितलं की, ‘आलो बा!’ ही साद त्यांना नदीकाठी चिंतन करताना सुचली, आणि ती म्हणजे दमल्याभागल्या जिवाने विश्वाच्या पित्याला घातलेली हाक आहे. ताई, साहेबांना नदीकाठी शिंका येतात. तरी मी चेहरा गंभीर ठेवून मान डोलावली. माझा जबडा अजून दुखतो आहे.

आता त्या दिवशी खरं काय घडलं ते तुला नीट माहीत नाही, असं माझ्या लक्षात आलं. तू तिथे होतीस, पण कपाटात होतीस, म्हणून बाहेरचं सांगतो. आपला स्टुडिओ म्हणजे पत्र्याच्या पेट्यांच्या कारखान्यावरच्या तीन खोल्या. खाली दिवसभर ठोकाठोक, त्यामुळे आवाज मुद्रित करायचा तो कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, तोही गाद्या लावलेल्या एका कपाटात शिरून. पाणघोडा निवडला साहेबांनी, कारण पाणघोडा पाण्यात उभा राहतो आणि पाण्यातले पाय काढावे लागत नाहीत. (पाण्याइतकं काढायला अवघड दुसरं काही नसतं, हे त्यांना तिसऱ्या भागात कळलं.) अंग मोठे चित्रकार काढायचे, डोळे दुसरं कुणी, आणि माझ्याकडे फक्त तोंड. म्हणून तर सगळे मला ‘तोंड्या’ म्हणायचे. आवाज आधी मुद्रित व्हायचा, तो ऐकत ऐकत मी अक्षराअक्षराचं तोंड काढायचो: ‘आ’चं निराळं, ‘ओ’चं निराळं, ‘ब’ आणि ‘म’साठी ओठ मिटलेले. ‘ल’ला जीभ दातांमागे टेकते. ‘ळ’ला ती मागे वळते आणि फक्त तिचं पोट दिसतं. माणसाच्या तोंडात हा फरक खपून जाईल, पण पाणघोड्याचं तोंड म्हणजे अर्धा पडदा, लपवणार कुठे?

आवाजासाठी आणलेले नटवर्य त्या दिवशी कपाटात शिरले आणि त्यांनी आतूनच विचारलं की, या पाणघोड्याचं मूळ दुःख काय? साहेब म्हणाले, दुःख नाही, तो आळशी आहे. नटवर्य म्हणाले, दुःखाशिवाय आपण तोंड उघडत नाही. मग गाद्यांनी त्यांना घाम फुटला, तसे ते तणतणत खाली गेले आणि एका पेटीवर पाठ फिरवून बसले. सुट्टी संपत आलेली. तेवढ्यात माझा डबा घेऊन तू दारात. साहेबांनी तुला सरळ कपाटात ढकललं: नुसत्या मापापुरतं ‘मी आळोबा’ एवढं म्हण, तोंडाचा हिशेब लागेल. तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या तोंडात मोठ्या चित्रकारांच्या डब्यातला घास होता.

ध्वनिमुद्रकाने बटण उशिरा दाबलं, त्यात ‘मी’ गेला. ‘ळ’ तुझ्या जिभेला कधीच वळला नाही. उरलं ते ‘आलोबा’. साहेबांनी ते पुन्हा लावलं, आणि खोलीत सगळ्यांना एकच ऐकू आलं: ‘आलो, बा!’ तू बाहेर आलीस ती खाली मान घालून, डबा तिथेच टाकून जिना उतरलीस. तुला वाटलं, आत हशा पिकला असणार. ताई, कुणीही हसलं नाही. ध्वनिमुद्रकाने कानावरचं यंत्र काढलं आणि डोळे पुसत विचारलं, ही कुणाची मुलगी? बाप रागावणार नाही याची पक्की खात्री असलेलं लेकरू जसं घरात शिरेल, तसं ते ऐकू आलं होतं. आणि तू तर आयुष्यात बाबांना तशी हाक कधी मारली नव्हतीस.

पुढचं तुला माहीत आहे. साहेबांनी गोष्टच बदलली, नटवर्य दुसऱ्या दुःखाच्या शोधात गेले, आणि तू सगळे भाग त्या कपाटात उभं राहून बोललीस, एकाच अटीवर: नाव घालायचं नाही. गल्लीतलं प्रत्येक पोर ‘आलो बा’ म्हणत घरात शिरू लागलं, आणि बाबांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की, हा पाणघोडा एका पिढीची जीभ बिघडवतो आहे, त्याला आधी वर्णमाला शिकवावी. ते छापूनही आलं. बाबांनी ते मोठ्याने वाचलं, तेव्हा तू भाजी चिरत होतीस. मान वर केली नाहीस. पुढच्या महिन्यात तू परगावी वाचनालयाची नोकरी धरलीस, जिथे कुणीच कुणाशी बोलत नाही.

तर विचारायचं एवढंच: त्या बाईंना तुझं नाव सांगू का? तू नाही म्हणालीस तर माझ्या तोंडातून चकार शब्द निघणार नाही. तोंडाच्या बाबतीत तू माझ्यावर भरवसा ठेवू शकतेस. पाठीला शेक घे.

तुझा,
तोंड्या

ता. क. नाव मी सांगून टाकलं आहे. येत्या गुरुवारी त्या बाई तुझ्याकडे येतील. अबोल सहकाऱ्याला साखर कमी लागते.

ता. क. आणखी. तुझी भावजय म्हणते, जांभळ्या रंगाचं पुराण पुरे, खरं काय ते लिही. लिहितो. मुलाखत दे, नको देऊस, तुझी मर्जी. पण ताई, घरी ये. फोन नको, फोनवर बाबा कुणालाच ओळखत नाहीत. त्या बाई आळोबाचे जुने भाग ठेवून गेल्या, ते दुपारी टीव्हीवर लावले. तो आवाज तुझा, हे बाबांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. आळोबा बोलला आणि ते ताठ बसले. आम्ही दोघं त्या जांभळ्या ध्यानाला हसत होतो. बाबांनी वर्गात करायचे तसा हात वर केला आणि म्हणाले, “हसू नका. आमची मुलगी आहे ती. तिला ळ येत नाही. आत पाठवू नका तिला, बसू दे इथेच.” तेव्हापासून रोज दुपारी सोफ्याच्या एका टोकाला अंग चोरून बसतात, आणि बाकीच्या जागेवर आम्हाला बसू देत नाहीत.