कोपऱ्यावर तुटलेला वेल

प्रिय टेसा,

लग्नाच्या धावपळीत आजीचं एवढं लांबलचक पत्र वाचायला तुला फुरसत नसणार, ठाऊक आहे मला. तरी बस आणि वाच. फोनवर सांगायला गेले तर तू हसशील, आणि तू हसलीस की मीही हसून विषय बदलेन.

तुझ्या लग्नाची गोधडी मी हिवाळाभर शिवते आहे. कुणाला दाखवली नाही, माझ्या मैत्रिणीला, मोझेललासुद्धा नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नक्षी माझ्याच डोक्यातली. मधे दोन पक्षी आणि चारी कडांनी फिरणारा वेल. काळा दोरा संपला, बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून डावीकडच्या पक्ष्याचा डोळा मी लाल दोऱ्यानेच भरून टाकला. वेलाचा एक कोपरा तेवढा वळवायचा राहिला होता.

शनिवारी आम्ही चर्चच्या बायका नदीकाठच्या गोधडी-संग्रहालयात गेलो. वसंतातलं मोठं प्रदर्शन, पाय ठेवायला जागा नाही. नव्या गोधड्या पाहून डोळे दिपले, म्हणून जरा शांत जागी जावं असं वाटून मी जुन्या गोधड्यांच्या दालनात शिरले. मागच्या भिंतीवर माझीच गोधडी टांगलेली होती.

रंग विटलेले, कापड विरलेलं. खाली लिहिलं होतं, दीडशे वर्षांपूर्वीची, शिवणारी अज्ञात. पण पक्षी तेच, आणि डावीकडच्याचा डोळा लाल. वेल तीन कोपरे नीट वळून चौथ्याशी तुटला होता. मागून आलेली मोझेल म्हणाली, "ही कोण गं बावळट? वेल तुटला की आयुष्य तुटतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतं!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

तिथल्या पांढऱ्या हातमोज्यांच्या बाईंना मी मागची बाजू दाखवायला सांगितली. त्यांनी कड हळूच उलटली. माझ्यासारखेच डावखुरे, तिरके टाके. सगळा दोरा मातकट झालेला, पण तुटल्या जागचा शेवटचा टाका हिरवागार, जणू त्याच सकाळी घातलेला. आणि त्याच सकाळी निघण्याआधी मी माझ्या गोधडीत तिथेच तसा हिरवा टाका घातला होता, टेसा. बाई सहज म्हणाल्या, "कुणा आजीने नातीच्या लग्नासाठी केलेली. पोर लग्नाआधीच गेली म्हणतात. मग हिच्यात कुणी झोपलंच नाही."

दुपारी तळलेला मासा मी तसाच मोझेलच्या ताटात सारला. परतताना माझा चेहरा पाहून मोझेलने तिची नेहमीची गोष्ट काढली. नव्या गोधडीत ती पहिली झोपली, स्वप्नात लठ्ठ अर्ल आला, आणि तोच नवरा म्हणून पदरात पडला. "पहिला झोपेल त्याला गोधडीतलं सगळं बरंवाईट मिळतं बायांनो! म्हणून आधी कुत्र्याला झोपवा." गाडी हसण्याने दणाणली. मी मात्र तिचं बोलणं गाठीशी बांधून घेतलं.

घरी येऊन वेल पुरा करायला बसले. दोरा कोपऱ्याशी आला की तुटे. नवा ओवला, मेण लावलं, तरी तुटे. शेवटी दोन पदरी दोरा घेऊन कसाबसा वळवला. तरी माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. तुला काही होईल या विचाराने मी पार भेदरून गेले होते.

म्हणून रविवारी भर दुपारी, प्रार्थनेहून आल्यावर, मी ती अंगावर घेऊन झोपले. तुझ्याआधी. लग्नाची गोधडी वापरलेली निघाली म्हणून रुसू नकोस. स्वप्नात तुझं लग्न लागत होतं. तू पांढऱ्या झग्यात, गाल लाल झालेले, धडधाकट. मी पहिल्या रांगेत स्वतःला शोधलं, मग मागच्या, मग दाराशीही पाहिलं. मी कुठेच नव्हते. जागी झाले तेव्हा इतकं हलकं वाटलं की उठून चहा टाकला. गोधडी सोबत पाठवते आहे, आता बिनघोर पांघर. आणि मधे माझं काही बरंवाईट कळलं, तर लग्नाची तारीख पुढे ढकलायची नाही.

तुझ्यावर जीव टाकणारी, तुझीच,
आर्डिथ आजी