साडेचारशेचा अर्धा किलो

चाची, गुडघे कसे आहेत आता? तिथं पायऱ्या नसतील तर बरंच. लातूरच्या त्या घराच्या दोन उंच पायऱ्यांनी तुमच्या गुडघ्यांचं वाटोळं केलं. चाचांचा खोकला थांबला का, का अजून मिरची कुटायला घेतली की उठून गल्लीच्या टोकाला जाऊन बसतात? तुमच्या थोरल्या जाऊबाईंची कंबर सरळ झाली का? आमच्याकडं यांना साखर निघाली आहे, पण यांच्या जिभेला अजून ते मान्य नाही. मुलाची पाठ मोटारसायकलनं खाल्ली. रोज नांदेडहून मुदखेड आणि मुदखेडहून नांदेड. सून धडधाकट आहे, तिच्याविषयी पुढं लिहायचंच आहे. मी ठणठणीत आहे, फक्त डोकं फिरलंय. आठवडा झाला, तोंडात घास फिरतो. यांना सांगायला गेले तर म्हणाले, ‘‘तू एकटीच काय जगाचं माप घेऊन बसलीस?’’ म्हणून मग तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, पण मापाचं बोलायचं तर तुमच्याशिवाय कोणाशी बोलू?

दुकानात आता काय चाललंय ते तुम्ही पाहिलं असतं तर चप्पल काढली असती. भाव तोच, रंग तोच, पुडा दिसायला तेवढाच, आणि आतला माल पळालेला. बिस्किटाचा पुडा फोडावा तर आत प्लास्टिकची पेटी, आणि पेटीत बिस्किटं रुसलेल्या व्याह्यांसारखी अंतर ठेवून बसलेली. अंगाच्या साबणाचं पोट कोरून काढलंय. म्हणे हातात नीट धरता यावा म्हणून! माझ्या हाताची एवढी काळजी लग्नाच्या नवऱ्यानं कधी केली नाही. चिवड्याचा पुडा पोट फुगवलेल्या बेडकासारखा, टाचणी लावली की हवा, आणि तळाला मूठभर चुरा. तेलाची पिशवी लिटरची म्हणून आणावी तर लिटरातलं पावशेर वाटेतच कुठं सांडलेलं, आणि ते सांगणारी अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. अर्धापूरची केळी तेवढी अजून सालासकट भरलेली येतात. ती आतून पोकळ करायची युक्ती अजून कोणाला सापडली नाही म्हणून. अरे, भाव वाढवायचाय तर वाढवा ना! वाढवला म्हणून तोंडावर सांगा. आम्ही दोन शिव्या देऊ, घ्यायचं तर घेऊ, नाही तर चालते होऊ. पण हे म्हणजे पाहुण्याला ताट वाढायचं, ‘सावकाश जेवा’ म्हणायचं आणि तो पाणी प्यायला लागला की पोळी ओढून घ्यायची. महागाईचा राग येतो, चाची. याची किळस येते.

तुमच्या ओसरीवर मी कामाला आले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते, शाळा चौथीतच सुटलेली. तुम्ही उखळावर काळं तिखट कुटताय. खोबरं भाजलेलं, धने भाजलेले, दगडफूल कढईत चुरचुरतंय, मला शिंका आवरत नाहीत आणि तुम्ही हसताय. मी रद्दीच्या कागदाचे पुडे बांधते. एक एक अक्षर लावत वाचायला मी त्याच रद्दीवर शिकले. तुम्ही ओरडायचात, ‘‘पढ बाद में गे, बांध पहले!’’ आणि पुन्हा तुम्हीच चांगला छापील कागद बाजूला काढून ठेवायचात. औश्याहून एक बाई महिन्याच्या महिन्याला तिखटाला यायच्या. एकदा त्यांचं माप मी केलं. काटा अगदी मधोमध आणला, मला कोण आनंद झाला! पुडा बांधून दिला, त्या गेल्या. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि विचारलंत, ‘‘ऊपर डाली?’’ मी म्हटलं, ‘‘काटा बरोबर होता की, चाची.’’ झालं. तुम्ही पदर खोचलात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी दोन्ही पायऱ्या उतरलात आणि गल्लीभर ओरडत त्या बाईंच्या मागं गेलात, ‘‘ओ बाई, औसावाली! ठहरो ना!’’ त्यांना बसस्टँडच्या वाटेवरून परत आणलंत, पुडा सोडवलात, चमचाभर तिखट वर टाकलंत आणि त्यांच्यादेखत मला म्हणालात, ‘‘बराबर तो काटाच देता गे. फिर तू कायकू बैठी?’’ त्या बाई हसायला लागल्या. मी रडायला लागले. संध्याकाळी तुम्ही मला शिरखुर्म्याची वाटी दिलीत, ईद नसताना. पण रागावलात ते मागं घेतलं नाहीत.

लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा आईनं भांडी दिली आणि तुम्ही तराजू दिलात, लोखंडी वजनांसह. त्या तराजूवर मी संसार ओढला. चाळीसएक वर्षं झाली, आमच्या भागातल्या निम्म्या घरांत माझं काळं तिखट जातं. पुण्याला गेलेली पोरंसुद्धा आयांकडून मागवून घेतात. तुम्ही दिलेल्यांतलं अर्ध्या किलोचं वजन कोपऱ्यावरच्या भेळवाल्यानं पोरीच्या लग्नाला म्हणून नेलं. पोरीला पोरं झाली, वजन आलं नाही. मग मी आमच्या गल्लीतल्या बाया करतात तेच केलं. इथं मिठाचा बंद पुडा म्हणजे किलो, रव्याचा म्हणजे अर्धा; पापड असोत की शेवया, दुसऱ्या पारड्यात पुडा ठेवायचा आणि तोलायचं. कंपनीचा माल, छापील वजन, त्यावर कोण शंका घेणार? मी चहापत्तीचा अर्ध्या किलोचा पुडा धरला. घरातला चहा संपला की पारड्यातला पुडा स्वयंपाकघरात जायचा आणि दुकानातून नवा पारड्यात यायचा. पुड्याच्या कागदाचंही थोडं वजन असतंच. ते गिऱ्हाइकाच्या बाजूचं, म्हणजे चाचीचा चमचा आपोआप पडतोय, अशी मी मनाची समजूत घातली. हात थोडा आखडला होता म्हणायचा, पण नियत फिरली नव्हती.

गेल्या दिवाळीपासून घरात चहा पुरेना. महिनाअखेरीला डबा खडखडायचा. मी सुनेला बोलले. एकदा नाही, दर महिन्याला. ‘‘माहेरी चहाचे मळे आहेत का तुझ्या?’’ इथपर्यंत बोलले. ती ऐकून घ्यायची. मागच्या आठवड्यात मी परत सुरू झाले तशी ती पुडा घेऊन बाहेर आली, चष्म्याची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘आत्या, हे वाचा.’’ मी वाचलं. मागच्या बाजूला, शिवणीजवळ, साडेचारशे ग्रॅम. मी म्हटलं, ‘‘बघ मेल्यांनी कशी लबाडी केली! म्हणून चहा पुरत नव्हता होय!’’ ओसरीवर तराजू होता, एका पारड्यात चहाचा पुडा, दुसऱ्यात भरलेलं तिखट. तिनं नुसतं तिकडं बघितलं आणि म्हणाली, ‘‘आत्या, चहाचं जाऊ द्या. तो पुडा पण साडेचारशेचाच हाय.’’

चाची, खाली बसले मी. रद्दीवर वाचायला शिकलेली बाई, आणि दर महिन्याला हातात येणारा पुडा उलटा करून वाचला नाही! दिवाळीपासून जितक्या घरांत माझ्या हातचं तिखट गेलं, तितक्या घरांत मी कमी दिलं होतं.

तसाच पुडा उचलून दुकानात गेले. दुकानदार भला माणूस आहे, बापापासून ओळख. त्याला म्हटलं, ‘‘हे काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘काकू, मी काय करू? वरून येतं तसं विकून राहिलो. भाव दोन रुपयांनी वाढला की तुम्ही सगळ्या मिळून मला फाडून खाता. माल कमी झाला तर कोणी वळून बघत न्हाई. तुम्हीच पहिल्या आलात.’’ मी म्हटलं, ‘‘तुला ठाऊक होतं तर सांगायचं नाहीस का?’’ तर हसून म्हणतो कसा, ‘‘लिहिलेलं असतंय की त्याच्यावर!’’ हेच. कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही. चोरानं चोरी करून दारावर बारीक अक्षरात ‘नेले आहे’ असं लिहून ठेवलं की तो चोर राहत नाही, असा जमाना आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी तिखटाचा डबा आणि चमचा घेऊन दारोदार निघाले. आठवेल त्या घरी गेले, कमी पडलेलं भरून दिलं आणि पुड्याची हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, लोक बोलतील. चार शब्द ऐकायची तयारी करून गेले होते. कोणी बोलेना! एक जण म्हणाली, ‘‘जाऊ द्या हो काकू, आजकाल सगळेच कमी देतात.’’ दुसरी म्हणाली, ‘‘कशाला उन्हाची वणवण करता, आम्हाला कळलंबी नसतं.’’ एकीनं तर डब्याकडं असं बघितलं, जसं काही मी मागायलाच आले आहे. कंपन्यांनी नुसता माल खाल्ला नाही, चाची, माणसांची ओरडायची सवयच खाल्ली.

शेवटी खानावळवालीकडं गेले. स्टेशनजवळ तिची खानावळ आहे, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, महिन्याला चार-चार किलो घेणारं. तिच्याकडं वजनकाटा आहे, भाजीची जुडीसुद्धा तोलून घेते. मी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. म्हणाली, ‘‘मला ठाऊक होतं, मावशी.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘दिवाळीपासून. पहिलाच पुडा कमी भरला तवाच.’’

‘‘मग बोलली का नाहीस गं?’’

‘‘काय बोलायचं? म्हटलं, आता मावशीनं बी सुरू केलं.’’

एवढंच म्हणाली. रागानं नाही, पाऊस लांबला म्हणावं तसं म्हणाली. सहा महिने ही बाई माझ्याकडून तिखट नेत होती, ‘येते मावशी’ म्हणत होती, आणि मनात मला त्या साबण कोरणाऱ्यांच्या रांगेत बसवून मोकळी झाली होती. मी म्हटलं, ‘‘अगं, वीस वर्षांत कधी कमी दिलं का मी? एकदा विचारायचं तरी!’’ तेव्हा तिनं लाटणं बाजूला ठेवलं आणि लाटलेली पोळी हातावर घेऊन मला दाखवली. ‘‘ही बघा. मागच्या सालापेक्षा लहान हाय का न्हाई? जेवायला येणाऱ्या पोरांना कळतंय. बोलत न्हाईत. तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलू?’’ तिनं तिखट ठेवून घेतलं, चहा पाजला, आणि निघताना पाठीवरून हात फिरवून म्हणाली, ‘‘तुमचं चुकून झालं, मावशी. मी माणूस ओळखायला चुकले. मनात ठेवू नका.’’

मीच ठेवलंय मनात, आणि का ते आता सांगते. दर वेळी दहा किलो तिखट कुटलं की अर्ध्या किलोच्या वीस पुड्या होतात. दिवाळीपासून बावीस व्हायला लागल्या. मी मोजल्या होत्या. पहिल्यांदा दोनदा मोजल्या. मग यांना म्हटलं, ‘‘यंदा हाताला बरकत आली बघा,’’ आणि देवापुढं नारळ फोडला. पुढच्या खेपेला पुन्हा बावीस, तेव्हा मोजून गप्प बसले. दहा किलोचे अकरा किलो देव करत नाही, हे कळायला चौथीसुद्धा लागत नाही. घरातला चहा कमी पडला तो सुनेनं उधळला, आणि विकायचं तिखट जास्त भरलं ते देवानं दिलं, असा माझा न्याय. दारोदार मी ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सांगत फिरले. सुनेची माफी मागितली, तीसुद्धा चहापुरतीच. बावीस पुड्यांचं कोणाला सांगितलं नाही. खानावळवाली लाटणं खाली ठेवून खरं बोलली, आणि मी तिचा चहा पिऊन, तिच्याकडून माफी ऐकून घरी आले.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, हे मलाही कळतं. तुमच्या ओसरीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, पोस्टमन देणार कोणाला? तरी विचारते. परत तिच्याकडं जाऊन बावीस पुड्यांचं सांगू का? तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. माहीत असूनही चार दिवस झाले, मी स्टेशनच्या बाजूला फिरकलेली नाही. म्हणून तुमच्याच तोंडून ऐकायचंय. शिव्या घालून लिहा, पण लवकर लिहा.