हरणांचा मुहूर्त

कनाटा, ओटावा
५ ऑक्टोबर २०१७

ति. ताईस,
मिलिंदचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायची लाज वाटते, म्हणून हे पत्र. ईशानीचं आणि ब्रेंडनचं लग्न येत्या उन्हाळ्यात करायचं ठरतंय, हे तुझ्या शैलेंद्रने तुला सांगितलंच. हरणं मारणाऱ्यांच्या घरात पोर द्यायची असेल तर मला बोलावू नका, हा तुझा निरोपही पोचला. ताई, आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तू मांडवात नसलीस तर मला ते लग्न लग्न वाटायचं नाही. घरी उल्काचंही हेच म्हणणं आहे.

ब्रेंडनचे वडील, वॉल्टर, रेनफ्रू गावाच्या बाजूला शेती करतात. माणूस कसा आहे म्हणशील, तर मलाही ठाऊक नाही. दोनदा भेटलो, दोन्ही वेळा हवामानावर बोलून गप्प झाले. आता त्यांनी मला नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला बोलावलंय. बंदुकीला मी हात लावणार नाही, नुसतं शेजारी बसायचं. ईशानी म्हणते, बाबा, दॅट्स अ बिग डील, ते कुणालाच नेत नाहीत. मी हो म्हटलंय. उजाडायच्या आत ये, एवढंच त्यांनी कळवलंय.

लोभ आटला असला तरी उत्तर धाडावे.

तुझा
मिलिंद

नागपूर
२१ ऑक्टोबर २०१७

चि. मिलिंद यास अ. उ. आ.

कान गेले, डोकं शाबूत आहे. दिवाळी बरी झाली. चकल्या या वर्षी मऊ पडल्या, खापर सुनेवर फोडता आलं नाही कारण भाजणी माझीच होती.

तुझा गैरसमज झालाय. मला मांसाचं वावडं नाही. सावजी रस्सा या घरात दर रविवारी शिजतो आणि मी तो भुरकते. वावडं आहे ते मजेखातर जीव घेण्याचं. तेव्हा डोळे उघडे ठेवून जा आणि मला नीट कळव. उजाडायच्या आत का? हरणाने का भेटीची वेळ दिलीय? रात्रभर ती कुठं असतात, दिवसा कुठं जातात? मारलेल्या हरणाचं ते लोक करतात काय? भिंतीवर मुंडकं टांगलेलं असेल तर त्या भिंतीखाली मी पंगतीला बसणार नाही, हे आत्ताच सांगते.

आणि एक. मुलीचा बाप आहेस. होणाऱ्या व्याह्यांच्या दारात उशिरा पोचून नाक कापून घेऊ नकोस. चांगला तासभर आधी जाऊन उभा राहा. उल्काला आणि ईशानीला आशीर्वाद.

पत्राची वाट पाहणारी
ताई

कनाटा
१२ नोव्हेंबर २०१७

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि फजिती झाली.

चांगला तासभर आधी पोचलो. किट्ट काळोख होता, म्हणून गाडीचे मोठे दिवे लावले आणि वळण घेतलं. ताई, समोरच्या कापलेल्या शेतात अख्खा कळप चरत होता. एका क्षणात सगळ्या माना वर, मग नुसत्या पांढऱ्या शेपट्या, मग काहीच नाही. वॉल्टर कॉफीचा मग घेऊन ओट्यावर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कॉफी संपवून त्यांनी मागच्या वाटेने, बिनदिव्याचं, मला रानाच्या कडेला नेलं. तिथे फळ्यांचं मचाण आहे. बसल्यावर तुझे प्रश्न एकेक करून विचारले. हरणं रात्रभर शेतात चरतात आणि उजेड फुटू लागला की निजायला रानात परततात. त्यांच्या वाटेवर त्यांच्या आधी बसायचं. फार आधी आलं तर माणूस गारठून चुळबुळ करतो आणि वास पसरतो. उशिरा आलं तर ती आपल्याला बघतात. आणि शेतातून तर कधीच यायचं नाही.

मग त्यांनी विचारलं की मी इतक्या लवकर का आलो. मी तुझा हुकूम सांगितला. मुलीच्या बापाने व्याह्यांना ताटकळत ठेवायचं नसतं, हे सांगताना व्याहीला इंग्रजी शब्दच सापडेना. शेवटी व्याहीच म्हटलं. ते दोनदा पुटपुटले, व्याय, व्याय, आणि पहिल्यांदा हसले. मग मीही मोकळा झालो. आमच्यातही अशी एक वेळ असते म्हणालो. संध्याकाळी गायी घरी येतात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, तो गोरज मुहूर्त, त्यावर लग्न लागतं. त्यांनी विचारलं, गायींना उशीर झाला तर? तुला विचारून सांगतो म्हणालो.

त्यांचे वडील म्हणे घड्याळ बघतच नसत. हरणं रानातून शेताच्या कडेला आली की संध्याकाळ झाली. घरात मुंडकं नाही, मी सगळ्या भिंती पाहिल्या. मांस हिवाळाभर पुरवतात, एक वाटा शेजारच्या म्हातारीला जातो. शिकारीचा तो शेवटचा दिवस होता, त्यामुळे या वर्षी हरीण मिळालंच नाही. फ्रीझर अर्धा रिकामा आहे, तरी त्यांनी मला अवाक्षराने टोकलं नाही. मला हा माणूस आवडला, ताई. आता तू काय ते ठरव.

लोभाचा निकाल तुझ्या हाती.

मिलिंद

नागपूर
३० नोव्हेंबर २०१७

चि. मिलिंद यास अ. उ. आ.

तुला तासभर आधी मी धाडलं, तेव्हा म्हातारीच्या वाट्याचं मांस माझ्यामुळे गेलं. हे मला लागलं. येताना तिच्यासाठी सावजी मसाला आणीन. मांस त्यांनी पुढच्या वर्षी आणावं.

हो, येणार आहे. हिवाळ्याचं अन्न पळवून लावणाऱ्या पाहुण्याशेजारी बसून जो माणूस गायींच्या उशिराची चौकशी करतो, तो मला बघायचाच आहे. वॉल्टररावांना उत्तर सांग: गायींना उशीर झाला असं होत नाही, मुहूर्तच पुढे सरकतो. भटजी थांबतात, अंतरपाट थांबतो, पोटात कावळे ओरडले तरी वऱ्हाड थांबतं.

त्यांच्या शेतावर गायी नसतील तर अडलं काय? हरणं आहेत ना. लग्न तिथेच लावू, रानाकडे तोंड करून. पहिलं हरीण कडेला दिसलं की अक्षता. भटजींची समजूत मी घालते. त्या दिवशी बंदुका मात्र कुलपात.

लोभ होता तिथेच आहे, रे.

तुझी
ताई

ता. क. वऱ्हाडाला आत्तापासून बजावून ठेव. गाड्या रस्त्यावरच सोडायच्या, दिवे बंद करायचे आणि मागच्या वाटेने चालत यायचं.